मला नांदायचं हाय

माझं नाव मार्था. आजोबांनी ठेवलेलं. बेलापूरच्या बाजूला आमच्या गावात ख्रिस्ती घरं बरीच, त्यामुळे या नावाचं तिथे कुणाला काही वाटत नसे. आमच्याच गल्लीत आणखी एक मार्था होती. पण समाजकार्याच्या कॉलेजने मला क्षेत्रकार्यासाठी श्रीगोंद्याच्या एका छोट्या संस्थेत पाठवलं आणि तिथल्या बायकांनी आल्या आल्या 'था'चा 'ता' करून टाकला. मी झाले मारता मॅडम. संस्थेचं काम कौटुंबिक समुपदेशनाचं, म्हणजे घरच्या भांडणांचं. तिथे हे नाव घेऊन वावरणं काय असतं, ते माझं मला माहीत. एकदा तर संस्था चालवणाऱ्या वंदनाताई समोरच्या नवऱ्याला विचारत होत्या, "बायकोला का मारता?" आणि मी आतल्या खोलीतून ओ दिली, "आले, ताई." नवरा हसला, त्याच्यामागोमाग बायको हसली, आणि मग बोलणं जरा सोपं झालं. वंदनाताई मला नंतर म्हणाल्या, नावाचा उपयोग आहे, बदलू नकोस.

मी तेव्हा शेवटच्या वर्षाला होते. आज स्वतःच असं एक केंद्र चालवते, नगरमध्ये. (शहराचं नाव आता अहिल्यानगर आहे, पाटीवर आम्हीही ते लिहिलंय, पण पत्ता सांगताना तोंडातून नगरच जातं.) माझ्या हाताखाली दरवर्षी मुली शिकायला येतात आणि पहिल्या दिवशी सगळ्याजणी एकच प्रश्न विचारतात, की आपण इथे नेमकं करतो काय. हा प्रश्न मलाही पडला होता आणि अजूनही मधूनमधून पडतो.

लोकांना वाटतं आम्ही घरं मोडतो. आम्हाला पैसे देणाऱ्यांना वाटतं आम्ही घरं जोडतो. खरं म्हणजे आम्ही लोकांना खुर्चीवर बसवतो. एक बाजू येते, आपलं म्हणणं सांगते. मग दुसऱ्या बाजूला पत्र जातं, अमुक दिवशी येऊन भेटा. त्या पत्राला कायद्याचं काडीचंही बळ नसतं, पण त्यावर संस्थेचा शिक्का असतो, आणि शिक्का पाहिला की आपला माणूस इस्त्रीचा शर्ट घालून हजर होतो. हे कोर्ट नाही असं आम्ही त्याला सांगतो, फक्त तो नीट बसल्यावर सांगतो. दोघांशी वेगवेगळं बोलायचं, कुणीतरी घरी जाऊन बघून यायचं, आणि शेवटी दोघांना समोरासमोर बसवायचं. याला आम्ही संयुक्त बैठक म्हणतो. वंदनाताईंचा नियम असा होता की बैठकीत कोणी काही बोलायच्या आधी प्रत्येकाच्या हातात पाण्याचा ग्लास गेला पाहिजे. हातात ग्लास असलेला माणूस सहसा हात उगारत नाही, असं त्यांचं म्हणणं.

केंद्र म्हणजे दोन खोल्या, खाली मोटार रिवाइंडिंगचं दुकान. विहिरीवरच्या जळालेल्या मोटारी घेऊन शेतकरी यायचे, आणि वॉर्निशचा वास जिन्यावरून थेट आमच्या टेबलापर्यंत यायचा. वंदनाताई पन्नाशीच्या, आधी अंगणवाडीत होत्या, बोलायला कमी. पहिला महिनाभर त्यांनी मला काही करू दिलं नाही, नुसतं ऐकायला बसवलं. मी बसले तरी बायका माझ्याशी बोलत नसत. आल्या की विचारायच्या, लग्न झालंय का? मी नाही म्हटलं की, मग तुला काय सांगायचं, असं म्हणून पदर सावरून ताईंची वाट बघत बसायच्या. मला त्याचा राग यायचा. वयाच्या त्या टप्प्यावर आपल्याला सगळं कळतं अशी माझी खात्री होती.

गिऱ्हाइकं तऱ्हेतऱ्हेची. काष्टीच्या बाजाराच्या दिवशी न चुकता येणारं एक वयस्कर जोडपं मला आठवतं. दोघं एकाच मोटरसायकलवरून यायची, वर येऊन चहा संपेपर्यंत कडाकडा भांडायची, मग आजी आजोबांना म्हणायची, चला, भाजी मिळायची न्हाई नंतर, आणि दोघं त्याच गाडीवरून बाजाराला जायची. मी ताईंना म्हटलं, यांचं प्रकरण बंद करून टाकूया, तोडगा काही निघत नाही. ताई म्हणाल्या, त्यांना तोडगा कुठे हवाय, त्यांना भांडताना बघायला माणूस हवंय, मुलं पुण्याला गेलीत. प्रकरण आम्ही चालू ठेवलं.

पण मला सांगायचंय ते सारिकाबद्दल.

त्याआधी एका शब्दाविषयी बोलते, कारण आमचा सगळा धंदा त्या एका शब्दावर चालतो. नांदणे. लग्नात आशीर्वाद देताना याच शब्दाने देतात. शांतताही नांदते म्हणतात, पण ती आमच्याकडे तक्रार घेऊन येत नाही. आमच्याकडे येतात त्या बायका. पोरगी नांदायला गेली, पोरगी नांदत नाही, नवरा नांदवत नाही. बायको नांदते आणि नवरा नांदवतो. याच्या उलट कुणी बोललेलं मी ऐकलं नव्हतं. त्यामुळे एखादी बाई येऊन 'मला नांदायचंय' म्हणाली, की पुढचं काम आम्हाला पाठ असे: नवऱ्याला पत्र धाडायचं, त्याला समजवायचं, आणि तिला त्याच्याकडे पाठवायचं.

सारिका आली ती भावाबरोबर. विशीतली, सावळी, हातांवर बारीक ओरखडे. भाऊ दत्ता टेम्पो चालवायचा. बोलला सगळं तोच. बहिणीचं लग्न होऊन तीनचार वर्षं झालेली. सासर काष्टीच्या पुढच्या एका वस्तीवर. नवरा संतोष सुप्याच्या एमआयडीसीत कामाला, तिथेच खोली घेऊन राहायचा, सणावाराला घरी यायचा. सारिका आणि सासू वस्तीवर. मूलबाळ नाही. मागच्या दिवाळीत संतोषने तिला माहेरी आणून सोडलं आणि दत्ताला सांगितलं, हिला ठेवून घ्या, माझं हिच्याशी जुळत नाही. कंपनीतल्या कुणा बाईचं नाव दत्ताच्या कानावर आलं होतं.

दत्ता वाईट माणूस नव्हता, पण त्याच्या घरी जागा कमी आणि बायकोची कुरकुर जास्त. त्याने सारिकासाठी दुसरं स्थळ बघून ठेवलं होतं. कर्जतकडचा एक बिजवर, पदरात दोन मुलं. "मॅडम, निकाल लावा," तो म्हणाला. "नांदवत आसंल तर नांदवू द्या, न्हाईतर सोडचिठ्ठी घ्या. मी तिकडं शब्द देऊन बसलोय."

वंदनाताईंनी सारिकाला विचारलं, तुला काय पाहिजे. ती इतका वेळ जमिनीकडे बघत होती. वर बघून म्हणाली, "मला नांदायचं हाय." पुन्हा मान खाली घातली.

एवढंच. आम्हाला पुरेसं वाटलं.

संतोषला पत्र गेलं. तो कंपनीचा निळा शर्ट घालून आला आणि आमची पंचाईत झाली. दारू पिणारा, मारणारा, शिव्या देणारा नवरा आम्हाला चांगला पचतो. त्याच्याशी काय बोलायचं ते ठरलेलं असतं. हा शांत होता. मारलं नाही, उपाशी ठेवलं नाही, आणि हे सारिकाही नाकारत नव्हती. "ती वाईट न्हाई," तो म्हणाला, "पन मला नको हाय." कंपनीतल्या बाईबद्दल विचारलं तर त्याने तो विषय झटकून टाकला. त्याला पकडायला कुठे कान नाही, कोपरा नाही. ताईंनी त्याला पुन्हा बोलावलं, मग पुन्हा. मी ते बघत शिकले. ताई कधी उपदेश करत नसत. त्या फक्त विचारत: जेवण कोण करतं? आजारी पडलास तर? आई थकल्यावर? आणि मग कितीही वेळ लागो, उत्तराची वाट बघत.

मधल्या काळात त्यांनी मला वस्तीवर पाठवलं. गृहभेट म्हणजे आमच्या कामातला अर्धा पोलीस, अर्धा पाहुणा असा प्रकार. सून माहेरी येऊन बसली की आमचा पहिला संशय सासूवर. तो बहुतेक वेळा खरा निघतो, म्हणून तर त्याची सवय लागते. ताईंनी बजावलं होतं, सासूकडे लक्ष दे, ती काय बोलते आणि काय बोलत नाही ते बघ.

सासूचं नाव इंदूबाई. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, दोन खोल्यांचं घर आणि लिंबाची छोटी बाग तिच्याच नावावर. मी गेले तेव्हा ती ओट्यावर बसून सेफ्टी पिनने तळहातातला काटा काढत होती. लिंबाच्या झाडाला काटे भरपूर, आणि खाली पडलेली लिंबं वेचायला झाडाखाली वाकून शिरावं लागतं. मी नाव सांगितलं.

"मारता? कोनाला?" ती म्हणाली.

मी संस्थेतून आले म्हटल्यावर तिचा चेहरा बंद झाला. सुनेबद्दल विचारलं तर म्हणाली, चांगली हाय. काही त्रास? न्हाई. ती पिन घेऊन काट्याच्या आजूबाजूला टोचत राहिली. डोळ्यांत मोतीबिंदू उतरत होता, तिला तो काटा नीट दिसत नव्हता. मी म्हटलं, द्या इकडे. तिने हात पुढे केला. तळहातभर काळे ठिपके. नवे काटे, जुने काटे, काही आत गेलेले, काही पिकलेले. मी तीनचार काढले. ती म्हणाली, सारिका रोज दिवे लागायच्या आधी काढायची, आता ते आतच ऱ्हात्यात.

मी मुद्द्यावर आले. म्हटलं, मावशी, मुलाला समजवा, तिला सुप्याला घेऊन जा म्हणावं.

तिने हात मागे घेतला. "सुप्याला?" ती म्हणाली. "सुप्याला कशाला?"

आणि उठून आत गेली. निघताना पिशवीभर लिंबं दिली.

श्रीगोंद्याला परत आल्यावर मी सगळं ताईंना सांगितलं, काट्यांसकट. ताईंनी चष्मा काढून पुसला आणि म्हणाल्या, म्हणजे गाठ इथे आहे, नवराबायकोने एकत्र राहावं हे सासूला नकोय. मलाही ते अगदी बरोबर वाटलं. सासू सुनेला मुलाकडे जाऊ देत नाही याची उदाहरणं आमच्याकडे पायलीला पन्नास. म्हणून ताईंनी ठरवलं की संयुक्त बैठकीला सासूला बोलवायचंच नाही.

बैठकीच्या दिवशी खाली कुणाची तरी मोटार तपासत होते, मधूनच घुर्रर्र आवाज व्हायचा. संतोष, सारिका, दत्ता, ताई आणि मी. पाणी दिलं. संतोष म्हणाला, ठीक आहे, घेऊन जातो सुप्याला, खोली मोठी बघतो. त्याच्या आवाजात आनंद नव्हता, पण होकार होता, आणि आमच्या कामात आनंदाची अट घालून चालत नाही. दत्ताने मोठा सुस्कारा सोडला. मी चहा सांगायला उठले. पहिल्यांदाच आपण एक घर जोडलं असं मला वाटत होतं, आणि छाती फुगली होती हे कबूल करते.

ताईंनी रिवाजाप्रमाणे सारिकाला विचारलं, मग जातेस ना?

"मला न्हाई जायाचं," सारिका म्हणाली.

दत्ता ताडकन उठला. इतके दिवस गाडी बंद ठेवून आपण इथे खेटे घालतोय आणि हिचं हे असं, असं बरंच काही बोलला. मग तिला म्हणाला, "तूच म्हनलीस ना नांदायचं हाय?"

"व्हय. नांदायचंच हाय."

"मग?"

खालची मोटार थांबली होती. वंदनाताई तिच्याकडे बघत होत्या, आणि त्यांनी अगदी हळू, जवळजवळ स्वतःशीच विचारल्यासारखं विचारलं, "कोणाकडं?"

सारिकाने आमच्याकडे असं पाहिलं की हे काय विचारणं झालं. "आत्याकडं," ती म्हणाली.

आमच्या भागात सासूला आत्या म्हणतात. मला एक क्षण लागला कळायला. ताईंना तेवढाही लागला नाही.

मग ती बोलली, त्या सगळ्या आठवड्यांत पहिल्यांदाच लांब. "ह्ये सुप्याला असत्यात. मी ह्यांच्याकडं कवा ऱ्हायलेच न्हाई. मी आत्याकडं नांदले. आमी दोघी बाग करतो. माझं काय बिघडलं न्हाई तिथं. ह्यांनी मला आनून सोडलं, ह्यांचं जुळत न्हाई म्हनून. आत्याचं माझं जुळतं की."

संतोषच्या चेहऱ्यावर आधी सुटका दिसली, स्पष्ट दिसली. मग हळूहळू त्याला अपमान कळला. "म्हंजे लगीन आईशी केलं व्हय?" तो म्हणाला.



दत्ताचा प्रश्न मात्र खरा होता. तो खाली बसला आणि शांतपणे म्हणाला, सासू कुठं नांदवती का? आज म्हातारी आहे, उद्या ती गेली की ही कोणाकडे नांदणार? त्यापेक्षा दुसरं घर बरं. बिजवराकडचे लोक पुढच्या बाजाराला सुपारी फोडायला येणार होते. तोपर्यंत काय ते ठरवा, नाहीतर मी पुढे जातो, असं सांगून तो बहिणीला घेऊन गेला.

ते गेल्यावर ताई म्हणाल्या, सासरच्या घरात राहायचा तिला हक्क आहे, कायदाच तसा आहे. पण हक्क सांगून घरात शिरता येतं, चुलीपाशी बसता येत नाही. ते म्हातारीच्या हातात आहे. आणि म्हातारी मुलासमोर बोलेल का, हे ताईंनाही सांगता येत नव्हतं. एकच मुलगा. डोळे अधू. म्हातारपणी पाणी पाजणार तो, आणि त्यानेच नको म्हणून सोडलेल्या बाईला घरात घ्यायचं. असं करणारी सासू ताईंच्या बघण्यात नव्हती.

पुन्हा बैठक ठरली, सुपारीच्या आदल्या दिवशी. या वेळी इंदूबाईंना पत्र गेलं. त्या लिंबाच्या गोण्या घेऊन जाणाऱ्या टेम्पोत पुढे बसून आल्या, एक पिशवी हातात. जिना चढायला वेळ लागला. सारिका उठून पुढे झाली नाही, भाऊ शेजारी होता, पण तिची नजर जिन्यावरच होती. मी पाणी दिलं. संतोष आईच्या समोर बसला होता.

ताईंनी सगळं पुन्हा मांडलं. कुठेही आपलं मत घातलं नाही. मग इंदूबाईंना विचारलं.

त्या मुलाकडे बघत राहिल्या. संतोषच आधी बोलला. आवाज चढवला नाही, तो कधीच चढवत नसे. "आई, तिला ठिवलीस तर मी घरी यायचो न्हाई."

मी ग्लास घट्ट धरून उभी होते. मला वाटलं, संपलं. आईला असं म्हटल्यावर कुठली आई काय करणार?

इंदूबाई पाणी प्यायल्या, सगळं. ग्लास खाली ठेवला. म्हणाल्या, "तू नांदवत न्हाईस. नग नांदवू, जबरदस्ती न्हाई. मी नांदवते तिला."

आणि मुलालाच, अगदी मऊ आवाजात: "तू येत जा. पाव्हना म्हनून ये."

मला रडू आलं. ताईंनी माझ्याकडे न बघता मला चहा सांगायला पाठवलं. परत आले तेव्हा दत्ता खिडकीशी उभा राहून मोबाईलवर कर्जतला फोन लावत होता, उद्या येऊ नका म्हणून सांगायला. संतोष निघून गेला होता. सारिका सासूच्या शेजारी खुर्ची ओढून बसली होती आणि तिचा हात उजेडाकडे धरून बघत होती. "किती ठिवलेत ओ आत," ती म्हणाली, आणि मला पिन मागितली. माझ्या ओढणीला होती, ती काढून दिली.

महिन्याच्या अहवालात हे प्रकरण कुठल्याच रकान्यात बसेना. ताईंनी शेवटी 'समेट' असं लिहिलं. समेट कोणाचा कोणाशी, ते वरून कुणी विचारलं नाही. माझं क्षेत्रकार्य संपलं तेव्हा ताई मला बसस्टँडवर सोडायला आल्या होत्या. बस लागायची होती. त्या म्हणाल्या, इतक्या वर्षांत किती बायका येऊन मला नांदायचंय म्हणाल्या, आणि आपण त्यांना नवऱ्याकडे धाडलं. एकीला तरी विचारायला हवं होतं. मग त्यांनी मला बडीशेपेची पुडी दिली. ती खंत त्यांच्याकडून माझ्याकडे आली, आणि ती काही मी अजून खाली ठेवलेली नाही.

आमच्या केंद्रात पहिल्या दिवसापासून एक नियम आहे. कुणीही बाई मला नांदायचंय म्हणाली, की पहिला प्रश्न: कोणाकडे? येणाऱ्या मुलींना हा प्रश्न मूर्खासारखा वाटतो. बायकाही चमकतात. बहुतेकजणी नवऱ्याकडेच म्हणतात. पण कुणी म्हणते, मुलांकडे. एक म्हणाली होती, गायीकडे, आणि ती अजिबात चेष्टा करत नव्हती.

इंदूबाई गेल्याचं मला उशिरा कळलं. मी जाऊ शकले नाही. तेव्हा दत्ताचा तो प्रश्न पुन्हा मनात आला, आता ही कोणाकडे नांदणार. मी स्वतः कुठेच नांदले नाही. लग्न केलं नाही, नगरमध्ये भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहते. मला कुणी विचारत नाही, आणि विचारलं तर मी 'राहते' म्हणते.

मग गेल्या उन्हाळ्यानंतर एक अर्जदार आला. आमच्याकडे पुरुषही येतात हल्ली, कमी येतात, पण येतात. निळा शर्ट नव्हता, केस पांढरे, गुडघे धरून जिना चढला. संतोष हे नाव ऐकेपर्यंत मी ओळखलं नाही. त्याने मला ओळखलं नाहीच. त्याची कंत्राटी नोकरी गेली होती, आणि जिच्याबरोबर इतकी वर्षं राहिला ती बाई तिच्या मुलाकडे निघून गेली होती. सारिकाबरोबर फारकत कधी झालीच नव्हती, कुणी त्या भानगडीत पडलं नव्हतं. त्याची तक्रार अशी, की आईने जाण्याआधी घर आणि बाग बायकोच्या नावावर करून ठेवली, आता बायको घरात घेत नाही. "मला घरी ऱ्हायाचं हाय," तो म्हणाला.

नियम सगळ्यांना सारखा. सारिकाला पत्र गेलं.

ती एसटीने आली. चष्मा लागलाय, अंगाने भरलीय, हातांवर तेच बारीक ओरखडे. टेबलावर लिंबांची पिशवी ठेवली आणि माझ्याकडे नीट बघून म्हणाली, "मारता मॅडम, लगीन केलं का न्हाई?"

नाही म्हटलं.

"बरं," ती म्हणाली आणि बसली. संतोष समोर होता. त्याच्याकडे तिने एकदा पाहिलं, रागाने नाही.

या वर्षीची माझी विद्यार्थिनी तेजल, हुशार आहे, नगरची आहे, तिला यातलं काहीच माहीत नव्हतं. मी तिलाच बोलू दिलं. तिने शिकवल्याप्रमाणे सुरुवात केली. "ताई, तुम्हाला नांदायचंय का?"

"मी नांदतेच की."

तेजल क्षणभर गोंधळली. मग तिला नियम आठवला. "कोणाकडे?"

मी हातातलं काम थांबवलं.

"माझ्याकडं," सारिका म्हणाली. मग तिने मानेने समोर खूण केली. "त्यांना इचार. पाव्हना म्हनून येनार, का नांदायला?"

तेजलने वही बाजूला ठेवली आणि संतोषकडे वळून, न अडखळता, विचारलं, "पाहुणा म्हणून येणार, की नांदायला?" मी उठले आणि त्याच्या हातात पाण्याचा ग्लास दिला.